बाबांचा संगणक, झेरॉक्सचा पेनड्राइव्ह आणि ३९ दिवस

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार, दुपारचे पावणेतीन. मी शिकवते त्या शाळेत सातवा तास सुरू व्हायचा होता आणि बाबांचा फोन आला. एरवी शाळेच्या वेळेत ते कधीच फोन करत नाहीत.

"अगं, संगणकात पाच व्हायरस सापडलेत. अँटिव्हायरसची मुदत संपली, आत्ता पैसे भरले नाहीत तर फाइली जातील असं लाल अक्षरांत आलंय. कार्डाचा नंबर टाकलाय, आता ओटीपी मागतोय. टाकू ना?"

"बाबा, ओटीपी टाकू नका. काहीच दाबू नका. नुसता मॉनिटर बंद करा आणि तसंच राहू द्या, मी शाळा सुटली की येते." माझा आवाज चढला होता. त्यांचा मात्र अगदी बारीक झाला होता. म्हणाले, "बरं, तू ये. मी हात लावत नाही."

बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. वीज मंडळाच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. पुण्यात सहकारनगरमधल्या आमच्या ४२ फ्लॅटच्या सोसायटीचे ते अकरा वर्षं खजिनदार आहेत. मेंटेनन्सची बिलं, सिंकिंग फंड, ताळेबंद, कन्व्हेयन्सची स्कॅन केलेली कागदपत्रं, सगळं त्या एका संगणकात. सप्टेंबर म्हणजे त्यांच्या वर्षातला सगळ्यात धावपळीचा महिना, कारण वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभा २८ तारखेला ठरली होती. चौदा दिवस आधी सूचना द्यायची असल्याने १३ तारखेपर्यंत ४२ घरांत ताळेबंदासह सूचना पोचवायची होती. फाइली जाणार ही धमकी नेमकी अशा आठवड्यात आली. त्या भरात कार्ड बाहेर निघालं, यात मला काहीच आश्चर्य वाटलं नाही.

संध्याकाळी सहाला घरी पोचले. आधी बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद केलं. ओटीपी दिलेला नव्हता म्हणून पैसे गेले नव्हते, पण नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही हे सगळं त्या पानावर टाकून झालं होतं. नवं कार्ड सात कामाच्या दिवसांनी आलं, त्याचे २३६ रुपये कापले गेले. पैसे गेले असते तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर त्याच मिनिटाला फोन करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना तुमची ना बँकेची अशा व्यवहारात तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. फरक इतका मोठा आहे. त्या पानाचा पत्ता मी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर संशयित म्हणून नोंदवून ठेवला.

मग मॉनिटर चालू केला. उजव्या कोपऱ्यात ती खिडकी होतीच. नीट पाहिलं तर खाली बारीक अक्षरांत क्रोमचं नाव आणि एका अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता होता. म्हणजे ही खिडकी अँटिव्हायरसची नव्हतीच. पंचांगाची पीडीएफ शोधताना एका पानाने 'अलाउ' विचारलं होतं आणि बाबांनी ते दाबलं होतं. तेव्हापासून ते संकेतस्थळ क्रोमच्या परवानगीने हवी तेव्हा सूचना पाठवू शकत होतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेली अकरा नावं होती. सगळी काढली आणि 'संकेतस्थळांना सूचनांची परवानगी मागू देऊ नका' हा पर्याय निवडला. पाच मिनिटांचं काम. तुमच्या आईवडिलांच्या संगणकावर एवढं आजच करा.

पण बाबांना ती सूचना खरी वाटण्याला आणखी एक कारण होतं, आणि ते शोधताना मला धक्का बसला. खरा अँटिव्हायरसही खरोखरच संपलेला होता. २०२२ मध्ये तीन वर्षांचा घेतला होता, त्याची मुदत जुलैत संपली होती. दोन महिने तो रोज एक खिडकी दाखवत होता, बाबा रोज ती बंद करत होते, आणि विंडोजबरोबर फुकट येणारा अँटिव्हायरस, डिफेंडर, बंद दिसत होता कारण जुना पाहुणा अजून घरात बसलेला होता. म्हणजे जुलैपासून त्या संगणकाला धड राखणदारच नव्हता.

त्या रात्री ठरवलं की आता नीट निवडायचं. मला वाटलं होतं, शनिवारी बसू आणि संपवू.

शुक्रवारी, १२ तारखेला, दुसरं संकट. बाबा ताळेबंद पेनड्राइव्हवर घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, ४२ प्रती काढून आणल्या. घरी येऊन पेनड्राइव्ह लावला तर प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट, डाव्या कोपऱ्यात तो छोटा बाण. आतलं काही उघडेना. हा शॉर्टकट व्हायरस पुण्यातल्या किती घरांत रोज जात असेल, देव जाणे. तो खऱ्या फाइली पुसत नाही, त्यांना 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे शिक्के मारून लपवतो. त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. त्या शॉर्टकटवर दोनदा क्लिक केलं की आपल्याच हाताने व्हायरस चालू होतो, मग या संगणकात लावलेल्या प्रत्येक नव्या पेनड्राइव्हवर जातो. पूर्वी पेनड्राइव्ह लावताच ऑटोरनने व्हायरस सुरू व्हायचे. मायक्रोसॉफ्टने ती वाट विंडोज ७ पासून बंद केली, म्हणून आता त्यांना आपली क्लिक लागते. बाबांनी ती दिली होती. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'ॲट्रिब' ही आज्ञा देऊन शिक्के काढता येतात. ते काढले आणि सगळ्या फाइली परत दिसल्या. बाबांनी तोवर देवापुढे दिवा लावला होता. सूचना १३ तारखेला दुपारी वाटून झाल्या.

त्या शनिवार-रविवारी मी अँटिव्हायरसच्या किमती बघायच्या आधी एक कागद घेतला आणि त्यावर लिहिलं: हा संगणक कोण वापरतं, कशासाठी, आणि यातलं काय गेलं तर परत येणार नाही. उत्तरं अशी. बाबा, रोज दोन तास: एक्सेल, मेल, बँक, पंचांग, वर्तमानपत्रं. आई, आठवड्यातून एकदा: भजनांचे व्हिडिओ. पेनड्राइव्ह महिन्यातून तीन-चारदा बाहेर जाऊन येतो. खेळ नाहीत, फुकटात मिळवलेली सॉफ्टवेअर नाहीत. परत न येणारं: अकरा वर्षांचे हिशेब आणि आजीच्या हातच्या पाककृतींच्या वहीची स्कॅन. यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ते वाक्य लिहिताना माझ्या पोटात गोळा आला. माझ्याकडे पडून असलेली ५०० जीबीची बाहेरची हार्डडिस्क रविवारीच आणली आणि सगळं उतरवून घेतलं. उतरवून झाल्यावर ती काढून कपाटात ठेवली. संगणकाला लावून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइलीही खंडणीखोर व्हायरस कुलूपबंद करतात, त्यामुळे ती काढून ठेवणं हाच मुख्य मुद्दा आहे.

विचारलेल्या प्रत्येकाचं मत वेगळं होतं. भाचा म्हणाला, "मावशी, डिफेंडर पुरतो, पैसे घालवू नका." तळमजल्यावरचे काका म्हणाले, विकतचाच घ्या. एका सहकारी शिक्षकाने विंडोज काढून त्याजागी लिनक्स टाकायला सांगितलं. फुकटच्या अँटिव्हायरसबद्दल मी स्वतः वाचलं. अवास्टने आपल्या वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जंपशॉट २०२० मध्येच बंद झाली होती. पण ते वाचल्यावर मी ठरवलं की, फुकट असेल तर विंडोजबरोबर आलेलाच, नाहीतर पैसे मोजून.

चाचण्यांचे निकाल दोन ठिकाणी पाहिले: जर्मनीत माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरण्यातली सोय या तिन्हींना प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण देते. पहिल्या दिवशी मी कोणाला १८ आणि कोणाला १७.५ हेच बघत बसले. डिफेंडरसकट बहुतेक सगळी मोठी नावं वरच्याच रांगेत होती, तेव्हा त्या अर्ध्या गुणावरून निवड होणार नव्हती. कामाची गोष्ट एव्ही-कंपॅरेटिव्ह्जकडे सापडली. ते कमी क्षमतेच्या संगणकावर वेगाची वेगळी चाचणी घेतात, शिवाय निरुपद्रवी फाइलींना व्हायरस ठरवण्याचे प्रकार किती, तेही मोजतात. बाबांचा संगणक सातव्या पिढीच्या आय-थ्रीचा, रॅम ४ जीबी आणि जुन्या पद्धतीची फिरणारी हार्डडिस्क. माझ्यासाठी वेग हाच खरा प्रश्न होता.

बाबांचं म्हणणं होतं की पितृपक्षात नवीन खरेदी नको, सर्वपित्री होऊ दे. मी वाद घातला नाही. चाचणीसाठी महिनाभर फुकट मिळतोच, ती काही खरेदी नव्हे, यावर दोघांचं जमलं.

मात्र त्याआधी जुना काढायचा होता, आणि त्यातच पाच दिवस गेले. काढायला गेले तर पासवर्ड मागितला. २०२२ मध्ये ज्या मुलाने तो बसवला त्याने पासवर्ड घातला होता. त्याचा नंबर लागेना. ग्राहक सेवेला सोमवारी फोन केला, वीस मिनिटं थांबले. त्यांनी नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला. तो मोबाइल नंबरही त्या मुलाचाच होता. मग मेल: प्रॉडक्ट की (खोक्यातला नोंदणीचा क्रमांक), खोक्याचा फोटो, खरेदीचं बिल, बाबांचं ओळखपत्र. खोकं माळ्यावर सापडलं कारण बाबा खोकी टाकत नाहीत. बिल त्यांच्या फाइलीत तारखेनुसार लावलेलं होतं. दोन मेल, आणखी एक फोन, आणि शुक्रवारी संध्याकाळी काढून टाकण्याचं त्यांचं खास साधन मेलवर आलं. अँटिव्हायरस कोणीही बसवून देवो, नोंदणी करताना मोबाइल आणि मेल आपला आहे ना, ते शेजारी बसून पाहा. पासवर्ड घातला तर तो वहीत लिहून घ्या.

शनिवारी, २० तारखेला, जुना गेला. संगणक पुन्हा सुरू केला आणि डिफेंडर आपोआप जागा झाला. पूर्ण तपासणी लावली, ती चार तास पन्नास मिनिटं चालली. तीन वस्तू सापडल्या, तिन्ही त्या शॉर्टकट व्हायरसच्या. मग सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या पानावरून एक मोफत साधन उतरवून तेही चालवलं. तिथे बॉट, म्हणजे आपला संगणक परस्पर दुसऱ्याच्या ताब्यात देणारे व्हायरस, काढण्याची भारतीय कंपन्यांनी दिलेली साधनं मिळतात. त्यात काही सापडलं नाही. त्या रात्री पहिल्यांदा मी नीट झोपले.

पुढचे दोन आठवडे चाचणीचे. एका वेळी एकच अँटिव्हायरस बसवायचा, दोन एकत्र कधीच नाही. दोन्ही प्रत्येक फाइल उघडताना तपासायला धावतात आणि एकमेकांत अडकतात. मी तीन गोष्टी मोजल्या. बटण दाबल्यापासून बाबांची एक्सेलची मोठी फाइल उघडेपर्यंत लागणारा वेळ. टास्क मॅनेजरमध्ये दिसणारी रॅम. आणि पेनड्राइव्ह लावल्यावर पडद्यावर काय होतं ते. नुसत्या डिफेंडरवर चार मिनिटं दहा सेकंद. पहिल्या विकतच्यावर सहा मिनिटं. दुसऱ्यावर चार मिनिटं पंचावन्न. सहा मिनिटांत बाबांचा चहा होऊन जायचा, पण त्यांची चिडचिड मला दिसत होती. नावं मुद्दाम लिहीत नाही, तुमच्या यंत्रावर हेच आकडे उलटे येऊ शकतात.

पकडतो की नाही हे पाहायला आयकारची चाचणी फाइल वापरली. हा ६८ अक्षरांचा साधा मजकूर आहे, व्हायरस अजिबात नाही. सगळ्या अँटिव्हायरसनी तो व्हायरस समजून पकडायचा असं ठरलेलं आहे. तिघांनीही पकडला. एवढ्यावरून संरक्षण किती चांगलं हे कळत नाही, राखणदार जागा आहे एवढं नक्की कळतं. बाबांना ती चाचणी फार आवडली. खरी सूचना कशी दिसते, ती कुठे येते आणि ती कधीच कार्ड मागत नाही, हे त्यांनी तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी डायरीत त्या खिडकीचं चित्र काढून ठेवलं. पाच चाचण्यांच्या निकालांपेक्षा त्या चित्राचं मोल मला जास्त वाटतं.

२८ तारखेची सभा शांतपणे झाली. दसरा झाला.

४ ऑक्टोबरला शनिवारी आम्ही दोघं तपकीर गल्लीत गेलो. सहकारनगरहून स्वारगेटपर्यंत रिक्षा, तिथून मेट्रोने एकच स्टेशन, मंडई, आणि पुढे बुधवार पेठेत चालत. संगणकाचं खोकं जुन्या चादरीत गुंडाळून नेलं होतं, कारण दुकानदाराला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "बघितल्याशिवाय कसं सांगू?" गल्लीत अँटिव्हायरसची खोकी भिंतभर लावलेली असतात, छापील किमतीपेक्षा निम्म्याने मिळतात. एका ठिकाणी एक संगणक, एक वर्ष याला साडेसहाशे, तीन वर्षांना साडेपंधराशे सांगितले. बाबा लगेच तीन वर्षांच्या खोक्याकडे वळले. "आपल्या पुण्याचाच आहे ना हा?" त्यांनी विचारलं. त्यांच्या मनात क्विक हील होता. रहिमतपूरहून आलेल्या काटकर कुटुंबातल्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, धाकट्या संजय काटकरांनी १९९० च्या दशकात अँटिव्हायरस लिहिला, कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेसचं नाव २००७ मध्ये क्विक हील झालं आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. बाबांना हे सगळं पाठ आहे. नेट प्रोटेक्टरही पुण्याचाच, के-सेव्हन चेन्नईचा, ई-स्कॅन मुंबईचा.

ज्या दुकानात संगणक उघडला तिथल्या माणसाने मात्र अँटिव्हायरस विकायची घाई केली नाही. टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा रकाना दाखवला. शंभर टक्के. "ताई, अँटिव्हायरस जड नाहीये. हार्डडिस्क थकलीये. कुठलाही टाका, हे असंच रांगणार. आधी एसएसडी टाका." दोन आठवडे मी ज्याची मिनिटं मोजत होते, त्याचं कारण दुसरीकडेच होतं. २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी, वेगवान डिस्क, १,९०० रुपये, जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर उतरवायचे ४००. अडीच तास लागणार होते. "ठेवून जा, संध्याकाळी या," तो म्हणाला. आम्ही ठेवून गेलो नाही. सोसायटीचे हिशेब आणि बाबांचे पासवर्ड त्यात होते. दुकानाबाहेरच्या स्टुलांवर बसून राहिलो, आणि जुनी डिस्क मागून घेतली. तुम्हीही घ्या.

घरी आल्यावर पुन्हा मोजलं. नुसता डिफेंडर: बावन्न सेकंद. दुसरा विकतचा: अठ्ठावन्न. पहिला: एक मिनिट चार. फरक संपला. बाबा खुर्चीत मागे रेलून पडद्याकडे बघत राहिले.

मग वेगावरून निवड करायचं कारणच उरलं नाही, आणि मी परत त्या कागदाकडे गेले. कोण वापरतं, कशासाठी.

त्याआधी एक तातडीचं काम होतं. सातव्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ चालत नाही, इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबरला थांबणार होती. अँटिव्हायरस कितीही चांगला असला तरी विंडोजमधलं भोक तो बुजवत नाही. मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या हल्ल्यात हेच झालं. मायक्रोसॉफ्टने त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं, ज्यांनी ते लावलं नव्हतं त्यांचे संगणक कुलूपबंद झाले. म्हणून ११ तारखेला शनिवारी विस्तारित सुरक्षा अद्यतनांसाठी नाव नोंदवलं. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तीस डॉलर भरून, मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड गुण वापरून, किंवा सेटिंग्ज त्यांच्या खात्यात साठवून फुकट. आम्ही फुकटचा मार्ग घेतला. विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाउ' अशी ओळ यायला हवी होती, ती दिसेना. संगणक विंडोज १० च्या जुन्या २१एच२ आवृत्तीवर अडकला होता, नोंदणीला २२एच२ लागते. ती उतरायला आणि बसायला दोन तास गेले. मग ओळ आली. बाबांचं मायक्रोसॉफ्टचं खातं नव्हतं, ते उघडलं, आणि पासवर्ड वहीत. तुमच्याकडेही विंडोज १० असेल तर हे आधी करा, अँटिव्हायरस नंतर.

त्याच दिवशी संगणकावर दोन खाती केली. एक ॲडमिनिस्ट्रेटरचं, ज्याचा पासवर्ड वहीत आहे. आणि एक रोजचं, साधं, ज्यातून पासवर्डाशिवाय नवीन सॉफ्टवेअर बसत नाही. बाबांच्या आधी हे मनाला लागलं. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की माझ्या लॅपटॉपवरही असंच आहे, आणि उघडून दाखवलं. मंडळात चेकवर दोन सह्या लागायच्या ना, तसंच. हिशेब खात्यातल्या माणसाला ते लगेच पटलं.

आता निवड. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर डिफेंडरच आहे आणि तो तसाच राहणार. मला सूचना ओळखता येतात, माझा पेनड्राइव्ह कुठे जात नाही. बाबांसाठी मात्र मी विकतचा घ्यायचं ठरवलं, आणि कारणं दोन. डिफेंडर पेनड्राइव्हवरची फाइल उघडताना तपासतो, पण पेनड्राइव्ह लावल्या लावल्या काही विचारत नाही, आणि त्याच्या पूर्ण तपासणीत पेनड्राइव्ह मुळात धरलेलाच नसतो. चाचणीतला दुसरा अँटिव्हायरस पेनड्राइव्ह लावताच तपासू का म्हणून विचारत होता आणि शेवटी हिरवी खूण दाखवत होता. महिन्यातून चारदा झेरॉक्सच्या दुकानात जाणाऱ्या माणसाला ती हिरवी खूण हवी. दुसरं, त्यांच्या मदतक्रमांकावर मी बाबांनाच फोन करायला लावला होता. समोरच्या मुलीने मराठीत, न कंटाळता, अकरा मिनिटं उत्तरं दिली. मी शाळेत असेन तेव्हा त्यांना विचारायला कोणीतरी हवं होतं. भाच्याचं म्हणणं चूक नव्हतं, ते त्याच्या संगणकासाठी बरोबर होतं.

१८ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीला, बाबांच्या मुहूर्तावर खोकं घेतलं. एक वर्षाचंच. तीन वर्षांचं स्वस्त पडत होतं, पण विंडोज १० चीच मुदत पुढच्या ऑक्टोबरपर्यंत आहे, त्यानंतर हा संगणक असेल की नाही माहीत नाही. दुकानात खरेदीआधी चार गोष्टी विचारल्या: वर्ष खरेदीपासून मोजतात की सुरू केल्यापासून (सुरू केल्यापासून). खोक्यावर अमुक तारखेच्या आत सुरू करा अशी अट आहे का. विंडोज १० ला किती दिवस आधार देणार. आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण स्वस्त की नवं खोकं. बहुतेक वेळा गल्लीतलं नवं खोकंच स्वस्त पडतं. कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलं तर आपोआप नूतनीकरणाची खूण आधीच केलेली नाही ना, ते पाहा. प्रॉडक्ट की खरवडण्याआधी तिच्यावरची पट्टी शाबूत आहे ना, ते दुकानातच पाहिलं. नोंदणी बाबांच्या मोबाइलवर आणि बाबांच्या मेलवर.

सगळा खर्च असा: कार्डाचे २३६, एसएसडी आणि काम २,३००, अँटिव्हायरस ६५०. एकूण ३,१८६ रुपये, अधिक रिक्षा-मेट्रो. त्यातला अँटिव्हायरसचा वाटा पाव हिश्शाहून कमी.

दिवाळीनंतर, पहिल्या शनिवारी, बाबा नोव्हेंबरची बिलं घेऊन झेरॉक्सच्या दुकानात निघाले तेव्हा मी बरोबर गेले. तिथला मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. शॉर्टकटचं सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. "ताई, दिवसाला पन्नास पेनड्राइव्ह लागतात इथे. कोणाचा कुठून आला, काय कळणार?" त्याच्या संगणकावर अँटिव्हायरस नव्हता, डिफेंडर कोणीतरी बंद करून ठेवला होता. तो चालू केला, स्वच्छता केंद्राचं साधन उतरवून दिलं, तपासणी लावली. तिथे बसायला जागा नव्हती, म्हणून बाबा काउंटरला टेकून उभे राहिले आणि त्याला डायरीतलं ते खिडकीचं चित्र दाखवू लागले. खरी सूचना अशी दिसते, ही कार्ड मागत नाही. मुलाने मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला. मग म्हणाला, "काका, पुढच्या वेळी बिलं मेलवर पाठवा, मी काढून ठेवीन. पेनड्राइव्ह आणूच नका."

डिसेंबरची ४२ बिलं बाबांनी मेलवर पाठवली.